पर्सी जॅक्सन 12 चाच का हवा? एका आकड्याच्या भांडणामागची गोष्ट

पर्सी जॅक्सन म्हणजे रिक रायर्डनच्या कादंबऱ्यांचा हिरो, आजच्या अमेरिकेत वाढणारा, ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. त्याचा विषय निघाला की लोक अजून 2010 च्या पिक्चरला शिव्या घालतात, आणि ज्यांनी पुस्तकं वाचली नाहीत त्यांना कळत नाही की एवढं बिघडलं तरी काय होतं. पिक्चर म्हणून बघायला गेलं तर अगदीच टाकाऊ नाही, मेड्युसाचा सीन तर मस्त जमलाय. सगळी भानगड हिरोच्या वयाची आहे.

ग्रीक देवांच्या मूळ कथांत फार शिरत नाही, त्या सगळ्यांना थोड्याफार माहीत असतातच. एकच सांगतो, पर्सी हे पर्सियसचं छोटं रूप, पण मूळचा पर्सियस हा झ्यूसचा मुलगा, पोसायडनचा नाही. पुस्तकात आई मुद्दाम ते नाव ठेवते, कारण ग्रीक हिरोंमध्ये ज्यांचं शेवटी बरं झालं असे फार थोडे, त्यातला तो एक. बाकी 1850 च्या दशकातच अमेरिकेत या कथा पोरांसाठी गाळूनगुळून, सोज्वळ करून लिहिल्या गेल्या होत्या, म्हणजे देव तिथे आधीच येऊन राहिले होते, पुस्तकातल्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या 600 व्या मजल्यावर त्यांना जागा नंतर मिळाली. पाश्चात्त्य संस्कृतीचं केंद्र जिथे जाईल तिथे देव मुक्काम हलवतात, आधी ग्रीस, मग रोम, मग युरोपभर फिरत फिरत अमेरिका, असं कारण पुस्तकात दिलंय. अमेरिकन लेखकाला फारच सोयीचं कारण आहे हे, पण गोष्ट इतकी पळते की वाचताना कोणी हुज्जत घालत बसत नाही.

आता मुद्द्यावर. लेखक टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचा, पंधराएक वर्षं मिडल स्कूलला इंग्लिश आणि इतिहास शिकवणारा मास्तर. फावल्या वेळात मोठ्यांसाठी डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायचा, पहिली 1997 ची, आणि त्यांना बक्षिसंही मिळाली होती. त्याचा मोठा मुलगा दुसरीत असताना एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) आणि डिस्लेक्सियाचं (वाचताना अक्षरं गोंधळतात) निदान झालं. वाचायचं म्हटलं की पोरगा पळायचा, पण शाळेत ग्रीक दंतकथा शिकवत होते तेवढ्या मात्र त्याला आवडायच्या. मग बाप रोज झोपताना त्या सांगायचा, सांगता सांगता स्टॉक संपला, पोरगा म्हणाला नवीन बनव. त्यातून झ्यूसची वीज शोधत अमेरिका पालथी घालणारा एक पोरगा तयार झाला, गोष्ट संपायला तीन-एक रात्री लागल्या, आणि मग मुलानेच सांगितलं की आता हे लिहून काढ.

म्हणून पर्सीलाही एडीएचडी आणि डिस्लेक्सिया दोन्ही आहे, आणि पुस्तकात ते शौर्याचं लक्षण ठरतं. अक्षरं नाचतात कारण डोकं प्राचीन ग्रीक वाचायला बनलंय, वर्गात बूड टेकत नाही कारण ते लढाईतलं सावधपण आहे. आपल्याकडे डिस्लेक्सिया हे नाव घराघरांत पोचलं ते 2007 च्या हिंदी पिक्चरमुळे, तेव्हा तिकडे या सीरिजचं तिसरं पुस्तक आलेलं होतं.

लिहून झाल्यावर मास्तरने हस्तलिखित सगळ्यात आधी आपल्याच शाळेतल्या सहावी ते आठवीच्या पोरांना वाचायला दिलं. पर्सी स्वतः सहावीतला, वय 12. म्हणजे हे वय कुठल्या मार्केटिंगवाल्याने ठरवलेलं नाही, समोरच्या बाकांवर बसलेल्या पोरांकडे बघून आलंय. पुस्तक 2005 ला आलं, त्याच उन्हाळ्यात हॅरी पॉटरचा सहावा भाग आला होता, त्यामुळे तुलना व्हायचीच होती आणि झाली. त्यानंतर दर वर्षी एक याप्रमाणे 2009 पर्यंत पाच पुस्तकं, आणि पुस्तकातलं पोरगंही साधारण त्याच चालीने मोठं होत गेलं.

आणि इथेच गोम आहे. याला यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे टीनएजरांचं, म्हणायचं की लहान मुलांचं, यावर लोक अजून भांडतात. दुकानात पुस्तक मुलांच्या कपाटात असतं, 9 ते 12 वाल्यांच्या, पण पाचव्या भागापर्यंत हिरो 16 चा होतो, जवळची माणसं मरतात, थोडं प्रेमप्रकरण पण आहे, त्यामुळे यादी बनवणारे सरळ यंग अ‍ॅडल्टमध्ये ढकलून देतात. नुसत्या कपाटाचा प्रश्न असता तर मी इतकं लिहिलं नसतं. पण पुस्तकात एक मोठी भविष्यवाणी आहे: तीन मोठ्या देवांपैकी कुणाचं तरी मूल 16 चं होईल तेव्हा त्याच्या एका निर्णयावर ऑलिंपस, म्हणजे देवांचं घर, राहणार की जाणार हे ठरेल. तिला घाबरूनच दुसऱ्या महायुद्धानंतर झ्यूस, पोसायडन आणि हेडीस यांनी मुलं होऊ न देण्याची शपथ घेतलेली असते (पाळत कोण म्हणा). म्हणजे पहिल्या पानापासून घड्याळ चालू आहे. चार वर्षं हातात आहेत, पोरगा वाढतोय, त्याला फोडायला शत्रू टपलेत, आणि बिचाऱ्याला पूर्ण भविष्यवाणी काय आहे हेही कोणी सांगत नाही.

आता स्टुडिओने काय केलं, तर पहिल्याच पिक्चरमध्ये त्याला सोळा-सतराचा करून टाकलं. शूटिंगच्या वेळी हिरो स्वतः 17 चा होता, कामाला पोरगा चांगला, दोष त्याचा नाही. पण 16 हीच शेवटची रेघ असेल आणि तुम्ही सुरुवातच रेघेवरून केलीत तर पाच भागांची गोष्ट उरते कुठे? भविष्यवाणी गाळली, मुख्य खलनायक क्रोनोस गाळला, युद्धदेव एरीससुद्धा गाळला. त्याच्या जागी तीन मोती गोळा करत देशभर फिरणं आलं, जे पुस्तकात असं नाहीच. मला यातलं सगळ्यात खटकतं ते वेगळंच. याच दिग्दर्शकाने 2001 चा पहिला हॅरी पॉटर केला होता आणि तिथे 11 वर्षांच्या पात्राला 11 वर्षांचाच पोरगा घेतला होता. म्हणजे लहान पोरांकडून काम करून घेता येत नाही वगैरे म्हणायला जागाच नव्हती.

स्टुडिओची बाजू अगदीच हवेत नव्हती हेही खरं. लहान मुलांना सेटवर किती तास ठेवायचं याला मर्यादा असते, आणि टीनएजर तिकीट काढून येतात तर बारा वर्षांच्याला कोणीतरी घेऊन यावं लागतं. धंद्याचं गणित म्हणून समजू शकतं. पण लेखकाने 2009 मध्येच निर्मात्यांना ईमेल करून सांगितलं होतं की वय वाढवलंत तर पुढचे भाग तिथेच मेले. कोणी ऐकलं नाही. 2018 मध्ये त्याने ते ईमेल स्वतःच सगळ्यांसमोर टाकले, आणि ते वाचल्यावर आम्हा वाचकांना जरा बरंच वाटलं.

पहिल्या पिक्चरने जगभरात साधारण 22 कोटी डॉलर कमावले, दुसरा 2013 ला आला आणि तिथेच गाडी थांबली. त्या दुसऱ्यात गंमत बघा, आधी गाळलेली भविष्यवाणी परत आणावी लागली, पण हिरो तर सोळा केव्हाच ओलांडून गेलेला, मग काय, भविष्यवाणीतलं वयच 20 करून टाकलं! पर्सीची मैत्रीण अ‍ॅनाबेथ, तिचे केस पहिल्यात तपकिरी होते म्हणून चाहत्यांनी बोंब मारली होती, ते दुसऱ्यात सोनेरी केले. वयाचं काय करणार, त्याला रंग लावता येत नाही.

मधल्या काळात लेखक थांबला नव्हता, रोमन देवांची पाच पुस्तकं झाली, इजिप्तचे देव झाले, नॉर्स म्हणजे उत्तर युरोपातले झाले. 2018 पासून त्याच्या नावाखाली दुसऱ्या संस्कृतींतले लेखकही आपापल्या पुराणांवर लिहायला लागले, आणि त्यातली पहिलीच सीरिज पांडवांवर बेतलेली, अटलांटात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलीची. ती पण 12 चीच. न्यूयॉर्कला म्युझिकल आलं, त्यात विशीतले नट शाळकरी पोरं झाले आणि कोणी तक्रार केली नाही, स्टेजला सगळं चालतं.

पिक्चरचे हक्क असलेली कंपनी 2019 ला विकली गेली, 2020 मध्ये पुस्तकांवरच्या टीव्ही सीरिजची घोषणा झाली, आणि यावेळी लेखक आणि त्याची बायको दोघं निर्मात्यांत. 2022 मध्ये शूटिंग सुरू झालं तेव्हा हिरो 13 चा. अ‍ॅनाबेथच्या कामासाठी कृष्णवर्णीय मुलगी निवडली म्हणून त्या कोवळ्या पोरीला लोकांनी नको नको ते बोलून घेतलं, तेव्हा लेखकाने खरमरीत लिहून सुनावलं, ते बरंच केलं. पहिला सीझन डिसेंबर 2023 ला आला, आठ भाग, वयाबद्दल कोणाचीच तक्रार नाही.

पण दुसरा यायला डिसेंबर 2025 उजाडला. पुस्तकात दोन भागांत एका वर्षाचं अंतर आहे, सीरिजमध्ये दोन वर्षांचं झालं, आणि ज्या पोराने 13 चा पर्सी करायचा तो तोपर्यंत 16 पूर्ण केलेला. तिसऱ्या सीझनला मार्च 2025 मध्येच मंजुरी मिळालीय. त्यात पर्सी 14 चा आहे, आणि पाचव्या पुस्तकातल्या सोळाव्या वाढदिवसापर्यंत पोचायला अजून दोन सीझन लागतील.