एकाच हिशेबावर अनेकांनी काम करताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमची बिलिंग व मालसाठ्याची प्रणाली वापरणाऱ्या वडोदऱ्यातील अनेक पेढ्यांमध्ये आता एकच माहिती वेगवेगळ्या ठिकाणांहून उघडली जाते : रावपुऱ्यातील दुकानातून, मकरपुऱ्याच्या गोदामातून, हिशेबनिसांच्या घरून आणि मालकांच्या मोबाइलवरून. दोघांनी एकाच वेळी एकच नोंद बदलली तर काय होते, आणि त्या बाबतीत आपल्याकडून कोणती काळजी अपेक्षित आहे, हे या पत्रकात सांगितले आहे.

समजा, एका प्रकारच्या ४० साड्या शिल्लक आहेत. दोन काउंटरवरील विक्रेत्यांनी ती नोंद जवळजवळ एकदम उघडली आणि दोघांनाही ४० हाच आकडा दिसला. पहिल्याने ३ साड्या विकून ३७ लिहिले, दुसऱ्याने ५ विकून ३५ लिहिले. संगणकात शेवटी ३५ राहिले, कपाटात मात्र ३२ साड्या आहेत. कोणाकडूनही हलगर्जी झालेली नाही, पडद्यावर कोणतीही सूचना आलेली नाही, आणि तफावत उघडकीस येते ती थेट साठा मोजायला घेतल्यावर. आमच्या मते सामायिक माहितीतील सर्वांत घातक दोष हाच आहे, कारण बंद पडलेली प्रणाली लगेच लक्षात येते, पण चुकीची शिल्लक दाखवणारी प्रणाली महिनोन्‌महिने विश्वासाने वापरली जाते.

म्हणून आमच्या प्रणालीत शिल्लक कोणालाही थेट लिहिता येत नाही. लिहिली जाते ती फक्त आवक आणि जावक. ‘३ गेल्या’ आणि ‘५ गेल्या’ या दोन नोंदी कोणत्याही क्रमाने आल्या तरी उत्तर ३२ च येते. जुन्या रोजमेळातही शिल्लक खोडून नवी लिहिण्याची पद्धत नव्हती. जमा आणि नावे मांडूनच ती काढली जात असे. शिल्लक बदलण्याची सोय द्यावी, अशी विनंती काही ग्राहकांनी केली आहे. ती सोय आम्ही जाणूनबुजून टाळली आहे. मोजणीत फरक आढळल्यास कारणासह ‘तफावत’ अशी वेगळी नोंद करावी.

सर्वच माहिती अशी बेरजेत बसत नाही. ग्राहकाचा पत्ता, मालाचा दर किंवा उधारीची मर्यादा दोघांनी दोन तऱ्हेने बदलली, तर त्यांची बेरीज होऊ शकत नाही. एकाने नोंद उघडताच ती इतरांसाठी बंद करणे हा त्यावरचा एक मार्ग आहे. परंतु नोंद उघडी ठेवून कोणी जेवायला गेले की इतरांचे काम अडून राहते. त्यामुळे आम्ही प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक, म्हणजे प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा, दिला आहे. आपण नोंद उघडल्यानंतर ती दुसऱ्या कोणी बदललेली असेल, तर आपला बदल जतन होण्यापूर्वी प्रणाली थांबते, दोन्ही मजकूर शेजारी दाखवते आणि निर्णय आपल्यावर सोपवते. घाईच्या वेळी ही सूचना त्रासदायक वाटते याची आम्हाला जाणीव आहे. तरीही दोन्ही मजकूर वाचल्याशिवाय ‘माझाच ठेवा’ हे बटण दाबू नये.

बिल क्रमांकाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा लागतो. बिल उघडतानाच क्रमांक दिला तर अर्धवट सोडलेल्या बिलांमुळे मालिकेत खंड पडतो, म्हणून तो बिल जतन होताना मुख्य सर्व्हरवरूनच दिला जातो. नियमाने एकाहून अधिक मालिका चालतात. त्यामुळे इंटरनेट नसतानाही ज्या काउंटरवर बिले करावी लागतात, त्याला स्वतंत्र मालिका घ्यावी. रद्द केलेल्या बिलाचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही.

इंटरनेट परत आल्यावर साठलेल्या नोंदी सर्व्हरवर पोहोचतात, तेव्हा कोणता बदल कोणत्या बदलाच्या आधारावर झाला हे आम्ही त्या उपकरणाच्या घड्याळावरून ठरवत नाही, कारण मोबाइलची वेळ चुकीची असू शकते. घड्याळांवर विसंबून न राहता घटनांचा क्रम कसा लावता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते; आमचे आवृत्ती क्रमांक त्याच विचारावर आधारलेले आहेत.

प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, आधी काय होते, हे कायम नोंदले जाते. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी बंद न करता येणारी बदलनोंद १ एप्रिल २०२३ पासून बंधनकारक आहे. मालकी व भागीदारी पेढ्यांना तो नियम लागू नसला, तरी आम्ही ती सर्वांसाठी चालू ठेवली आहे. मात्र संपूर्ण दुकान एकाच पासवर्डने काम करत असेल तर या नोंदीतून काहीही कळत नाही आणि उद्या एखाद्या प्रामाणिक कर्मचाऱ्यावर विनाकारण संशय येऊ शकतो. प्रत्येकाला स्वतंत्र प्रवेश द्यावा, आणि नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद करावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

माहिती चार ठिकाणी दिसते म्हणजे तिचा बॅकअप आहे, असे समजू नये. एका ठिकाणी झालेली चुकीची दुरुस्ती काही क्षणांत चारही ठिकाणी पोहोचते. बॅकअप वेगळा ठेवावा, आणि त्यातून माहिती खरोखर परत मिळते का, हे अधूनमधून तपासावे.

महिन्याचे जीएसटी विवरणपत्र भरून झाल्यावर मालकांनी ‘महिना बंद करा’ हा पर्याय वापरावा. त्यानंतर त्या महिन्यातील नोंदी सर्वांना पाहता येतात, पण बदलता येत नाहीत. दुरुस्ती आवश्यक असल्यास ती चालू महिन्यात क्रेडिट किंवा डेबिट नोटद्वारे करावी.