पार्श्वभूमी : कुर्डीत नसलेलं कुर्डीचं देऊळ

गोव्यातल्या सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं, तेव्हा तिथलं कदंबकालीन महादेव मंदिर केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं उतरवून सुमारे १७ किलोमीटरवर, धरणाजवळ पुन्हा उभं केलं. आधी फोटो, मग नकाशे, मग दगडादगडावर क्रमांक. वरचा थर आधी उतरतो आणि लावताना शेवटी चढतो, त्यामुळे एक आकडा चुकला तर ते कळायलाही महिने जातात. हे काम सुमारे अकरा वर्षं चाललं. नाव मात्र कुर्डीचंच राहिलं.

गोव्याला स्थलांतर नवं नाही. पोर्तुगीज अमलात, १५६० मध्ये कुशस्थळीहून मंगेश प्रियोळला आला. तेव्हा देव हलला, इमारत मागे राहिली आणि पाडली गेली. नव्या जागेला देवाचं नाव पडलं. कुर्डीत उलट झालं : हलली ती इमारत.

इमारत हलवण्याला प्रतिष्ठा दिली ती इजिप्तमधल्या आस्वान धरणानं. १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची देवळं कापून सुमारे ६५ मीटर वर चढवली गेली. आणि १९६४ मध्येच तज्ज्ञांनी वास्तूंच्या जतनाविषयीच्या वेनिसच्या सनदेत लिहून ठेवलं, की वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी करता येत नाही; ती वाचवण्यासाठीच गरज असेल किंवा फार मोठं राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हित असेल, तरच हलवावी. आता धरण म्हणजे राष्ट्रीय हितच, त्यामुळे अपवादाचं दार सताड उघडं. पुढे १९७९ मध्ये अबू सिंबेलसह नुबिया प्रदेशातली ही स्मारकं जागतिक वारसा यादीत आली. त्यातलं फिली बेटावरचं देऊळ तेव्हा शेजारच्या बेटावर पुन्हा रचलं जात होतं. ते १९८० मध्ये खुलं झालं. नोंद आधी, देऊळ नंतर!

अमेरिकेतला नियम जास्त रोखठोक आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीतली इमारत पूर्वमंजुरीशिवाय हलवली, तर तिचं नाव आपोआप कमी होतं. पुन्हा हवं तर अर्ज नव्यानं. आधीच हललेली इमारतही सहसा नोंदीला पात्र नसते. वास्तुशिल्प म्हणून मोल असेल, किंवा एखाद्या व्यक्तीशी वा घटनेशी जोडलेली तीच मुख्य शिल्लक वास्तू असेल, तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे गुंता ‘स्थळ’ या शब्दात आहे. स्मारकांच्या संरक्षणाच्या १९५८ च्या कायद्यातली प्राचीन स्मारकाची व्याख्या फक्त बांधकामापुरती नाही. अवशेष, स्मारकाचं स्थळ, कुंपणाला लागणारी लगतची जमीन, जाण्यायेण्याची वाट हे सगळं त्यात धरलंय. मग देऊळ धरणाजवळ आणि स्थळ पाण्याखाली, तर स्मारक नेमकं कुठे? किमान शंभर वर्षांची अटही आहे. दगड ती सहज पार करतात. त्यांची आत्ताची रचना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित क्षेत्राभोवती १०० मीटर बांधकामासाठी प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित केले. ही मोजणी इमारतीपाठोपाठ नव्या जागी गेली, तर जिथं देऊळ कधीच नव्हतं त्या जमिनीवर निर्बंध येतात. माझ्या मते नोंदीत दोन्ही जागा, उतरवण्याचं वर्ष आणि बदललेले दगड वेगवेगळे दाखवावेत. ‘पुनर्स्थापित’ एवढ्या एका शब्दात हे सगळं गुंडाळलं जातं.

कुर्डीची माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. कुर्डीतलं सोमेश्वराचं देऊळ मात्र कुणी हलवलं नाही. मे महिन्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं, आणि गावकरी उत्सवाला तिथंच जमतात.