ड्राइव्हवेला पेव्हर ब्लॉक की स्टॅम्प काँक्रीट? दिसतं सारखंच, खर्चाचं गणित वेगळं

ड्राइव्हवे करायचा ठरलं की आधी फोटो बघितले जातात आणि घोळ तिथेच होतो, कारण फोटोत पेव्हर ब्लॉक आणि स्टॅम्प काँक्रीट यातला फरक कळतच नाही. दोन्हीकडे तेच विटांचे नाहीतर दगडांचे आकार, तोच करडा-तांबूस रंग. मग कोटेशन हातात येतात, एकाचा चौरस फुटाचा रेट कमी असतो आणि आपण म्हणतो, सेमच तर आहे, स्वस्तातलं घेऊन टाकू.

कुठे झालेलं काम बघायला गेलात तर सांध्यात किल्लीचं टोक घालून बघा. पेव्हर असेल तर वाळू उकरली जाते (पॉलिमरवाली वाळू भरली असेल तर जरा कडक लागेल). स्टॅम्पमध्ये टोक लगेच टणक तळाला अडतं, कारण तो सांधा नाहीच, ओल्या काँक्रीटवर रबरी साचा दाबून उमटवलेली खाच आहे. शिवाय साचे मोजकेच असतात, त्यामुळे नीट बघितलं तर तोच तुटका कोपरा, तीच सुरकुती थोड्या थोड्या अंतराने परत परत दिसते.

म्हणजे एक सुटे तुकडे आणि दुसरा अखंड स्लॅब, बाकीचे फायदे-तोटे सगळे यातूनच येतात.

सुट्या तुकड्यांचं असं की खालची जमीन बसली की ब्लॉकही बसतात, चाकं जिथून जातात तिथे दोन चऱ्या पडतात आणि पाणी साचायला लागतं. पण तेवढे ब्लॉक उचलून, खाली भर घालून, दाबून तेच परत लावता येतात, आणि उद्या खालून पाइप टाकायची वेळ आली तरी तेच. स्लॅबला मात्र कटर लावून फोडावं लागतं आणि नवा पॅच जुन्या रंगाशी जुळता जुळत नाही.

आणि स्लॅबला तडे जाणारच, हे आधीच धरून चाला. काँक्रीट वाळताना आकसतं, म्हणून तडा आपल्याला हवा तिथे जावा यासाठी कट मारतात. साधारण जाडीच्या 24 ते 30 पट अंतरावर, म्हणजे 100 मिमी जाडीला अडीच-तीन मीटरवर, आणि खोली जाडीच्या निदान पाव. आता या रेषा डिझाइनच्या मधूनच जातात, वाईट दिसतात म्हणून कोणी गाळायला सांगतं, कोणी न सांगताच गाळतं, आणि मग तडा त्याला वाटेल तसा वाकडातिकडा जातो. आत लोखंडी जाळी टाकली म्हणून तडे थांबत नाहीत, ती फक्त तडा रुंदावू देत नाही, आणि तीही स्लॅबच्या मध्यावर किंवा थोडी वर असली तर. जमिनीवर पसरून वरून माल ओतला तर जाळीचे पैसे पाण्यात.

पेव्हरमध्ये ब्लॉकच्या रंगावर जेवढी चर्चा होते त्याच्या निम्मी तरी खालच्या थरांवर व्हायला हवी. घरच्या कारला 60 मिमीचा ब्लॉक सहसा पुरतो, जड गाड्या येणार असतील तर 80. खाली निदान 100-150 मिमी खडी थराथराने दाबलेली, माती मऊ असेल तर अजून जास्त, त्यावर वाळू फक्त 25-30 मिमी. खडी कमी पडली की लेव्हल वाळूनेच भरून काढायची सवय फार वाईट, पुढे खचतं ते तिथेच. ब्लॉक हेरिंगबोनमध्ये (एकमेकांना काटकोनात, नागमोडी रचनेत) लावा, वळणाऱ्या चाकांचा रेटा त्यात चांगला अडतो. कडेला काँक्रीटमध्ये पक्का बसवलेला कर्ब (कडेचा दगड) नसेल तर कडेचे ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि सगळे सांधे मोकळे होतात.

बजेटचं बोलायचं तर चौरस फुटाचा एकच आकडा घेऊच नका, कोटेशन फोडून मागा. खोदाई आणि माती हलवणं, खडीचा थर किती मिमी, काँक्रीटचा ग्रेड आणि जाडी, कट, सीलर (वरून मारायचा संरक्षक थर), कर्ब, हे सगळं वेगवेगळं लिहून. दोन कोटेशनमधला फरक बऱ्याचदा वरच्या फिनिशचा नसतोच, एकाने खालची खडी निम्मी धरलेली असते. ब्लॉक कापण्यात वाया जातात, त्यासाठी 5 ते 10 टक्के जास्त मागवा. पेव्हरला हातकाम जास्त, त्यामुळे मजुरी महाग असेल तिथे स्टॅम्प स्वस्त पडू शकतं आणि मजुरी स्वस्त असेल तिथे उलटं. पैसे कमी असतील तर पेव्हर दोन टप्प्यांत करता येतात, स्टॅम्प तुकड्या-तुकड्याने केलं की रंगात फरक पडतो. नंतरचा खर्चही धरा, स्टॅम्पला दर दोन-तीन वर्षांनी सीलर, आणि तो पावसात निसरडा होतो म्हणून त्यात बारीक ग्रिट (खरखरीत कण) मिसळायला सांगा. पेव्हरला सांध्यातलं गवत काढणं आणि वाळू भरणं, कंटाळवाणं आहे पण घरच्या घरी होतं.

पेव्हरमधून पाणी आपोआप मुरतं असं समजू नका. त्यासाठी रुंद सांधे आणि खाली बारीक चुरा नसलेली खडी लागते, ते वेगळं काम आहे. साध्या पेव्हरला आणि स्टॅम्पला दोन्हीला घरापासून लांब उतार हवाच, 1 मीटरला 1 ते 2 सेंमी.

माझं मत विचाराल तर खालून पाइप-केबल जाणार असतील किंवा जमीन भरावाची असेल तर पेव्हरच घ्या. जमीन घट्ट असेल आणि स्टॅम्पचा चांगला कारागीर मिळत असेल तर स्टॅम्पही छान दिसतं, फक्त त्याने दोन-तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम आधी बघून या, कालचं नको. दोन्हीत एक-दोन रिकामे पाइप आडवे टाकून ठेवा, पुढे गेटच्या लाइटची वायर न्यायला होतात. आणि गाडी कुठे लावायची ते आधीच ठरवा. पेव्हर कॉम्पॅक्टरने दाबून सांधे भरले की त्याच दिवशी गाडी आत येते, स्टॅम्पवर निदान आठवडाभर चाक ठेवायचं नाही.