आधी गादी वाकवा, मग चादर घाला

घरातल्या पलंगाभोवती आपण फिरू शकतो. आरव्हीत, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेल्या प्रवासी गाडीत, फिरायला जागाच नसते, आणि कोपऱ्यांना इलॅस्टिक शिवलेली चादर घालण्याचं सगळं त्रांगडं तिथूनच सुरू होतं. अमेरिकेतल्या रस्त्यांवर वाहनाची रुंदी साधारण १०२ इंचांच्या, म्हणजे साडेआठ फुटांच्या आत ठेवावी लागते. दोन्हीकडच्या भिंतींची जाडी वजा केली की आत राहतात जेमतेम आठ फूट. पाच फुटी पलंग मधोमध ठेवला तर दोन्ही अंगांना दीड-दीड फूट, आणि त्यातही कपाटं घुसलेली. लहान ट्रेलरमध्ये तर गादी कोपऱ्यातच कोंबलेली असते: उशाकडे भिंत, एका अंगाला भिंत, पायथ्याशी बऱ्याचदा कपाटाची फळी. मोकळी बाजू एकच. चारपैकी दोन कोपरे असे, की त्यांच्यापाशी उभंच राहता येत नाही.

मग माणूस काय करतो? गादीवर चढतो, गुडघे टेकतो आणि पलीकडचा कोपरा उचलू लागतो. जी गादी उचलायची तिच्यावरच आपलं साठ-सत्तर किलो वजन. कोपरा दोन बोटं वर येतो, इलॅस्टिक कसंबसं आत जातं, आणि तिसऱ्या कोपऱ्याला हात लावेपर्यंत पहिला सुटतो.

आरव्हीतली नेहमीची गादी ६० बाय ७५ इंचांची, सेंटीमीटरमध्ये १५२ बाय १९०. जाडी २० सें.मी. धरली तर साध्या फोमची गादी सुमारे १७ किलो भरते, मेमरी फोमची ३० किलोच्या आसपास. वजन फार नाही, पण ते कुठे धरतो याला महत्त्व आहे. कोपऱ्याचा पाच किलो भार हात लांब करून, कमरेपासून ६० सें.मी. अंतरावर उचलला, तर पाठीच्या स्नायूंना त्याच्या बारापट, म्हणजे साठ किलोच्या वजनाइतकी ओढ लावावी लागते. कारण हे स्नायू मणक्यापासून जेमतेम पाच सें.मी.वर असतात, त्यांची तरफ फारच आखूड. तोच भार २५ सें.मी.वर धरला की ओढ २५ किलोंवर येते. हे निव्वळ गादीचं झालं, वाकलेल्या धडाचं वजन वेगळंच. चादर घालताना कंबर धरते ती यामुळे. म्हणून कोपऱ्याकडे आपण ताणत जाण्यापेक्षा कोपरा आपल्याकडे आणलेला बरा, आणि फोमची गादी त्यासाठी फार सोयीची असते, कारण ती वाकते.

भांडी घासायचा जाड स्पंज दोन्ही टोकं वर करून वाकवून पाहा. आतली बाजू दाटते, बाहेरची ताणली जाते. गादीचंही तेच होतं. पायथा वर उचलून गादी वाकवली की तिचा वरचा पृष्ठभाग आखूड होतो आणि खालचा लांब. किती, याचा हिशोब सोपा आहे: जाडी गुणिले वाकण्याचा कोन, कोन रेडियनमध्ये घ्यायचा (एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश). २० सें.मी. जाडीची गादी ३० अंशांत वाकवली तर वरची बाजू खालच्यापेक्षा सुमारे १० सें.मी. आखूड होते. गादीचा मधला थर तेवढाच राहतो, त्यामुळे सपाट असतानाच्या मानाने वरची बाजू ५ सें.मी. कमी भरते. चादर या वरच्या बाजूवरून जात असल्याने तिला आयती ५ सें.मी.ची ढील मिळते. जो कोपरा ओढून ओढून बसत नव्हता, तो या ढिलीत अलगद बसतो. मग गादी खाली सोडली की ती आपणच लांब होते आणि चादर ढोलकीच्या पुडीसारखी ताणली जाते. ताणायचं काम गादी करते, आपल्या बोटांना ते करावं लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. स्प्रिंगच्या गादीच्या कडेला पोलादी तारेची चौकट असते. ती एकदा मुरडली की सरळ होत नाही, म्हणून अशी गादी वाकवू नये.

कोपऱ्यातल्या पलंगावर हा प्रकार कसा साधायचा ते पाहू. पहिली पायरी पलंगापासून दूर, जेवणाच्या टेबलापाशी. तिथे चादरीचे चार कोपरे ओळखून घ्या. आतल्या शिवणीवर, उशाकडच्या दोन कोपऱ्यांना रंगीत दोऱ्याचे दोन टाके घातलेले असले तर हे काम दर खेपेला काही सेकंदांत होतं, कारण ६० आणि ७५ इंचांतला फरक अरुंद जागेत डोळ्यांना कळत नाही आणि चादर हमखास आडवी लागते. मग पायथ्याकडून सुरुवात करून चादरीची गुंडाळी करा, उशाकडचे कोपरे बाहेर राहतील अशी.

आता गादी मोकळ्या बाजूला एक वीत ओढून घ्या. खाली प्लायवूड असेल तर १७ किलोची गादी आठ-दहा किलोच्या ओढीने सरकते. भिंतीशी फट पडली की उशाकडचा लांबचा कोपरा आधी घ्यायचा. गुडघा त्या कोपऱ्यापासून निदान दोन हात दूर, मोकळ्या कडेजवळ टेकवा. कोपरा वर उचलून त्याखाली लाकडाचा गुळगुळीत ठोकळा किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल सरकवा, चार बोटं उंचीचा पुरे. आता कोपरा ठोकळ्याने धरलाय, तुमचे दोन्ही हात मोकळे. इलॅस्टिक गादीखाली निदान तळहाताच्या रुंदीएवढं जायला हवं. कडेलाच अडकवून सोडलेलं इलॅस्टिक रात्री पहिल्या कुशीला निसटतं. यानंतर उशाकडचाच, पण मोकळ्या बाजूचा कोपरा बसवा आणि गुंडाळी पायथ्यापर्यंत सोडवत न्या.

पायथ्याच्या कोपऱ्यांसाठी गादी वाकवायची वेळ इथे येते. पांघरायची रजई एरवीही पलंगावरून काढून बाजूला ठेवलेलीच असते. ती घट्ट गुंडाळा आणि गादीखाली, पायथ्यापासून दोन फूट आत, आडवी सरकवा. गादीचा पायथा आपोआप वर उचलला जातो. भिंतीकडचा पायथ्याचा कोपरा आता हवेत आहे, त्याला टोपी घालावी तशी चादर घाला. शेवटी मोकळ्या बाजूचा कोपरा. क्रम हाच ठेवायचा, कारण चौथ्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त ओढ लागते आणि तो तुमच्या हाताशी, कमरेच्या उंचीवर असलेला चांगला. रजई काढा, गादी भिंतीकडे ढकला. भिंतीला अगदी चिकटवू नका. दोन-तीन सें.मी. फट ठेवा, तळवा सपाट करून आत घालता येईल एवढी. पुढे कुठे सुरकुती पडली तर याच फटीतून लाकडी उलथनं घालून चादर खाली दाबता येते. उलथन्याच्या कडा घासून गोल केलेल्या हव्यात, नाहीतर कापड उसवतं.

पलंग मधोमध असेल आणि खाली सामानाची पेटी असेल, तर काम निम्म्याने हलकं होतं. अशा पलंगाची फळी उशाकडे बिजागरीवर असते आणि गॅसच्या दांड्यांवर पायथा वर उचलला जातो. चादर घालायच्या आधी फळी उचला. पायथ्याचे दोन्ही कोपरे कमरेच्या वर येतात, वाकावंच लागत नाही. या दांड्यांमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो आणि त्याचा जोर तापमानाबरोबर बदलतो: २० अंश सेल्सिअसला जेवढा जोर, त्यापेक्षा उणे १० अंशांना सुमारे दहा टक्के कमी. कंपनीची हलकी गादी काढून मेमरी फोमची बारा किलो जास्त जड गादी टाकली असेल, तर थंडीतल्या सकाळी फळी हळूहळू खाली येऊ लागते, आणि त्या वेळी तुमची बोटं कडेवर असतात. गादी बदलली तर दांड्यावर छापलेला न्यूटनमधला आकडा पाहून जास्त जोराची जोडी बसवा. तोपर्यंत फळीखाली भक्कम टेकू लावल्याशिवाय हात घालू नका.

मापाचा घोळ हे चादर न बसण्याचं दुसरं मोठं कारण आहे. दुकानात क्वीन मापाची म्हणून मिळणारी चादर ८० इंच लांबीच्या गादीसाठी असते, आरव्हीची गादी ७५ इंचांची. पाच इंच जादा कापड पायथ्याशी गोळा होतं. शंभर टक्के सुती चादर पहिल्या काही धुण्यांत ३ ते ५ टक्के आटू शकते, म्हणजे १३ सें.मी. जादा कापडातले आठएक सें.मी. जाऊ शकतात. घरची जुनी, आटलेली चादर आरव्हीत नव्या चादरीपेक्षा बरी बसते ती म्हणूनच. उरलेली ढील घालवायला गादीखालून तिरक्या जाणाऱ्या, दोन टोकांना चिमटे असलेल्या इलॅस्टिक पट्ट्या मिळतात. गादी वाकलेली असतानाच त्या लावाव्यात.

अमेरिकेतल्या मराठी घरांत भारतातून आणलेली डबल बेडची साधी चादर असतेच, बहुधा ९० बाय १०८ इंचांची. आरव्हीला ती उत्तम चालते. रुंदीचे ९० वजा ६० म्हणजे दोन्ही अंगांना १५ इंच. त्यातले ८ इंच गादीच्या जाडीत गेले, खोचायला ७ इंच उरले. लांबीच्या बाजूला साडेआठ. एवढं खोचलेलं कापड टिकतं का? टिकतं, आणि त्यामागचं कारण कोकणातल्या कुठल्याही धक्क्यावर दिसेल. होडीचा दोर खुंट्याला दोन वेढे घालून धरला की एकटा माणूस होडी रोखतो. दोर जितका जास्त वळतो तितकं घर्षण पटीपटीने वाढत जातं. चादर गादीच्या वरच्या कडेला ९० अंश वळते, खालच्या कडेला पुन्हा ९०, मिळून अर्धा वेढा. कापडाचा घर्षणांक, म्हणजे दाबाच्या किती पट घर्षण होतं तो आकडा, ०.४ धरला, तर एवढ्या वळणावर खालची पकड साडेतीनपट होऊन वर पोचते. ७ इंच खोचलेल्या पट्ट्यावर गादीचं सुमारे दोन किलो वजन येतं. कापडाच्या दोन्ही अंगांचं घर्षण धरून तिथली पकड दीडेक किलो होते आणि वरून ओढणाऱ्याला पाच-साडेपाच किलोंचा जोर लावावा लागतो. त्यात झोपलेल्या माणसाचं वजन मिळवा. पण खोचलेलं कापड दोनच इंच असेल तर पकड तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते. भिंतीकडे हात पोचत नाही म्हणून आपण नेमकं तिथेच कमी खोचतो, आणि चादर तिथूनच सुटते. तेव्हा साधी चादर घालतानाही सुरुवात भिंतीकडून करा, उलथन्याने पूर्ण आत ढकला आणि जे कमी पडेल ते मोकळ्या बाजूला पडू द्या.

वर पांघरूण एकच ठेवावं. चादर, ब्लँकेट, त्यावर पलंगपोस असे तीन थर म्हणजे तीनदा भिंतीकडे हात ताणणं. ऊब येते ती थरांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे, आणि एक जाड, फुगीर दुलई ती हवा एकटी धरते. दुलईला धुता येणारी खोळ घाला.

सकाळी उठल्या उठल्या अंथरूण नीटनेटकं करायची सवय मात्र आरव्हीत मोडावी. झोपेत श्वासातून आणि त्वचेतून एका माणसाचं रात्रीत सुमारे पाव लिटर पाणी बाहेर पडतं, दोघांचं अर्धा लिटर. आतली हवा २० अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर १२ अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्यातलं पाणी दवासारखं धरतं. गादीखालचं प्लायवूड आणि बाहेरची भिंत थंडीत याहून सहज गार होतात. गादी वरून कोरडी लागते आणि खालून तिला काळी बुरशी चढते. म्हणून दुलई पायथ्याकडे दुमडून अर्धा-पाऊण तास तशीच राहू द्या, छतावरचा पंखा आणि एक खिडकी उघडी ठेवा. चादर बदलायच्या दिवशी गादी वाकवलेली असतेच, तेव्हा तिचा तळ हाताने चाचपून पाहा. दमट लागला तर गादीखाली लाकडी पट्ट्या किंवा हवा खेळती ठेवणारी दोनेक सें.मी. जाडीची जाळीदार चटई घाला.

चालायला जागा व्हावी म्हणून काही जण फोमच्या गादीचा पायथ्याचा कोपरा कापून गोल करतात. फोम ब्रेड कापायच्या दातेरी सुरीने छान कापला जातो. पण अमेरिकेत आगीच्या नियमांमुळे काही मेमरी फोमच्या गाद्यांना आतून काचेच्या तंतूंची खोळ असते. गादीच्या लेबलावर काचतंतूंचा उल्लेख असेल तर तिला सुरी लावू नका, वरची खोळ धुवायलाही काढू नका. ते तंतू एकदा सुटले की एवढ्याशा बंद जागेत गालिचा, पडदे, कपडे, कशातूनही निघता निघत नाहीत.

सगळं झाल्यावर दोन जागांवर नजर टाका. आरव्हीतल्या शेगडीचा गॅस, म्हणजे प्रोपेन, हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे त्याच्या गळतीचा गजर जमिनीलगत असतो, पुष्कळदा पलंगाच्या जवळच. लोंबणाऱ्या दुलईने तो झाकला जाता कामा नये. आणि पलंगाजवळची लाल मुठीची खिडकी ही आगीत बाहेर पडायची वाट आहे. उशांची चळत तिच्यापुढे रचू नका. अंधारात, झोपेतून उठून हात पुढे केला की तो थेट त्या मुठीवर पडायला हवा.