विद्यापीठ व महाविद्यालयांतील नेटवर्क आणि व्हिडिओ यंत्रणेचे नूतनीकरण : काम काढण्यापूर्वी वाचावे असे काही

आमच्याकडे येणारा पहिला फोन बहुधा पडद्यासाठी असतो. सभागृहातील प्रोजेक्टर फिका पडला आहे, त्याजागी मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनल हवा, वर चांगला कॅमेरा हवा, आणि शक्यतो उद्घाटनाच्या आधी सगळे सुरू व्हायला हवे. मागणी रास्तच असते. परंतु पाया तपासल्याशिवाय पॅनल भिंतीवर चढला, तर महिन्याभरात दुसरा फोन येतो : चित्र अडकते, पलीकडे आवाज तुटक जातो, आणि दुपारनंतर तर संपर्कच होत नाही. ती वेळ येऊ नये यासाठी हे माहितीपत्रक आहे.

खान्देशात या कामाला आम्ही अधिक महत्त्व देतो, कारण येथे अंतरेच तशी आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठापासून वेगळे होऊन जळगावला स्थापन झालेले आपले विद्यापीठ जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या विद्यार्थ्याला जळगावातील एका व्याख्यानासाठी येऊन-जाऊन अख्खा दिवस, कधी मुक्कामही, लागतो. शिक्षणासाठी २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाचा हेतू हाच होता. आज तेच काम फायबरवरून अधिक स्वस्तात आणि दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशा रीतीने होऊ शकते. मात्र ते रोज, न अडखळता व्हायला हवे.

इंटरनेट वाढवण्याआधी

व्हिडिओ अडकू लागला की लाइनचा वेग वाढवून घेण्याची सूचना येते. येथे थोडे गणित करावे. चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ३ ते ४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) लागतात. एकाच वेळी तीस वर्गांत कॉल चालू असले, तरी ही गरज १२० एमबीपीएसच्या आसपास राहते. नॅशनल नॉलेज नेटवर्क या शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या सरकारी जाळ्यातून विद्यापीठांना १ जीबीपीएसच्या (म्हणजे १,००० एमबीपीएसच्या) जोडण्या मिळालेल्या आहेत, म्हणजे विद्यापीठाच्या दारापर्यंत रस्ता पुरेसा रुंद असतो. बहुतेक वेळा अडचण दारापासून वर्गापर्यंतच्या टप्प्यात निघते. संलग्न महाविद्यालयांची स्थिती थोडी वेगळी आहे, कारण तेथील साध्या ब्रॉडबँडचा डाउनलोड वेग चांगला असला तरी अपलोड अनेकदा तोकडा पडतो, आणि आपल्या प्राध्यापकांचे चित्र बाहेर जाते ते अपलोडवरूनच. वेगाची चाचणी रविवारी सकाळी घेऊन उपयोग नाही. ती कामाच्या दिवशी अकरा वाजता, सर्व विभाग भरलेले असताना घ्यावी.

केबल, माती आणि ऊन

आमच्या मते सर्वाधिक खर्च आणि सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटरची आहे, आणि त्यात भिंतीतील ९० मीटर व दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (उपकरणे जोडणाऱ्या छोट्या केबल) मिळून १० मीटर धरलेले असतात. केबलच्या प्रतींपैकी कॅट ५ई केबल त्या अंतरापर्यंत १ जीबीपीएस देते, कॅट ६ केबल १० जीबीपीएस फार तर ५५ मीटरपर्यंत देते, तर पूर्ण १०० मीटरसाठी कॅट ६ए लागते. वर्गखोल्यांसाठी कॅट ६ पुरेशी आहे, असे आम्ही स्पष्ट सांगतो. त्याहून महागडी केबल विनाकारण कोणाच्याही माथी मारत नाही.

मात्र केबल तांब्याचीच असावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल कमी दरात मिळते आणि खोक्यावर कॅट ६ छापलेले असते. ओळखण्याची रीत सोपी आहे : एक तार सोलून ब्लेडने खरवडावी, तांबूस रंगाखाली पांढरट धातू दिसला, तर ते बंडल परत पाठवावे. अशा तारेचा विद्युतरोध जास्त असतो, आणि कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या यंत्राला) त्याच केबलमधून वीज द्यायची झाली की ती तापते व टोकाशी विजेचा दाब घटतो. आमच्या प्रत्येक कामात ही खरवड ग्राहकाच्या माणसासमोर केली जाते.

दोन इमारतींमध्ये तांबे ओढूच नये. वळवाच्या पावसाआधी आपल्याकडे विजा कडाडतात. जवळ वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थिंगमधील दाबाचा फरक त्या तांब्यातून धावतो आणि दोन्ही टोकांचे स्विच (अनेक केबल एकत्र जोडणारी नेटवर्कची उपकरणे) जळतात. तेथे सिंगल मोड फायबर (प्रकाशाने माहिती नेणारी, लांब अंतरासाठीची काचेच्या तंतूची केबल) टाकावे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे उथळ टाकलेला पाइप दरवर्षी थोडा सरकतो व जोडाशी फायबरला ताण बसतो. चर किमान एक मीटर खोल असावा, एचडीपीई (टणक प्लास्टिकचा) पाइप अखंड असावा, आणि दोन्ही टोकांच्या चेंबरमध्ये काही मीटर फायबर वेटोळे करून राखून ठेवावे. उंदीर-घुशींपासून बचावासाठी पोलादी चिलखताची फायबर घ्यावी, पण ते चिलखत इमारतीत शिरताच अर्थ करावे, नाहीतर विजेसाठी वाट आपणच करून दिल्यासारखे होते.

उन्हाची गोष्ट आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका महाविद्यालयात आम्ही स्विचची पेटी गच्चीलगतच्या जिन्यातील खोलीत बसवली होती, कारण केबल तेथून कमी लागत होती. जानेवारीत सर्व सुरळीत होते. एप्रिलमध्ये दुपारी दोननंतर वरच्या मजल्यावरील वर्ग एकेक करून बंद पडू लागले आणि संध्याकाळी आपोआप सुरू होऊ लागले. पेटीचे दार उघडून हात आत घातला, तेव्हा पत्र्याला बोट टेकवत नव्हते. अनेक स्विचची कमाल मर्यादाच भोवतालच्या ४५ अंशांची असते, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा सावलीतच तेथवर पोहोचतो. ती पेटी आम्ही स्वखर्चाने तळमजल्यावर हलवली. युपीएसच्या बॅटरीलाही हाच न्याय लागू आहे : २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना तिचे आयुष्य जवळपास निम्मे होते. म्हणून रॅक (नेटवर्कची उपकरणे ठेवण्याचे कपाट) उत्तरेकडील, तळमजल्याच्या, हवा खेळती असलेल्या खोलीत असावा, आणि मुख्य रॅकच्या खोलीत वातानुकूलन चोवीस तास चालू राहावे.

वाय-फायबद्दल थोडक्यात सांगता येईल. त्याच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी केवळ तीन चॅनल आहेत, १, ६ आणि ११. त्यामुळे व्हरांड्यात रांगेने ॲक्सेस पॉइंट लावल्याने गोंधळच वाढतो. ते वर्गाच्या आत, ५ गिगाहर्ट्झवर आणि कमी शक्तीवर लावावेत. भिंतीवरील पॅनल व कॅमेरा मात्र वायरनेच जोडावेत.

चित्राआधी आवाज

चित्र थोडे धूसर झाले तरी तास चालतो, आवाज गेला की तास संपतो. आपल्या वर्गांत शहाबादी फरशी, सिमेंटचे छत आणि उघड्या भिंती असल्यामुळे आवाज घुमतो. पंख्यांची घरघर वेगळीच. अशा खोलीत कॅमेऱ्यातील अंगभूत माइकवर विसंबू नये. प्राध्यापकांना गळ्याशी लावायचा माइक द्यावा, प्रश्न विचारणाऱ्यांसाठी एक हातातला माइक ठेवावा, आणि प्रतिध्वनी काढणारा ऑडिओ प्रोसेसर घ्यावा. मागच्या भिंतीला जाड पडदा लावला तरी फरक ऐकू येतो. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपेक्षा अधिक विलंब झाला की माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात, म्हणून नेटवर्कमध्ये आवाज व व्हिडिओसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच नेटवर्कमधील स्वतंत्र मार्गिका) आणि प्राधान्य ठरवून देणे आवश्यक आहे. मोठ्या सभागृहात मंचापासून प्रोजेक्टरपर्यंत साधी एचडीएमआय केबल १५ मीटरपुढे भरवशाची राहत नाही. तेथे एचडीबेसटी (नेटवर्क केबलवरून चित्र नेणारी पद्धत) किंवा फायबरवरील एचडीएमआय वापरावी.

नव्या यंत्रणेसोबत नोंदींची जबाबदारीही येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि सर्व उपकरणांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. ही मांडणी आम्ही कामातच धरतो.

परीक्षा चालू असताना मुख्य स्विचला आम्ही हात लावत नाही. मोठे फेरबदल उन्हाळी सुट्टीत, आणि खोदकाम पहिल्या पावसाआधी पूर्ण करतो. पाहणीसाठी येण्यापूर्वी इमारतींचे नकाशे, असल्यास जुन्या केबलचा आराखडा, मागील वर्षभराची इंटरनेटची बिले आणि अर्थिंगच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल काढून ठेवावा. नकाशा नसल्यास आपल्या इमारतीत अनेक वर्षे काम केलेल्या शिपाई किंवा वायरमन यांना त्या दिवशी आमच्यासोबत फिरण्यास सांगावे. कोणती भिंत कधी फोडली आणि कोणती केबल कोठून गेली, हे त्यांना ठाऊक असते. काम संपल्यावर क्रमांक लावलेला नवा आराखडा, प्रत्येक पॉइंटच्या चाचणीचा अहवाल आणि सर्व पासवर्डचा मोहोरबंद लखोटा आम्ही कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या हाती देतो व त्याची पोच घेतो.