संघराज्यातील न्यायालयीन अधिकारितेची विभागणी

एखादा वाद ऐकून त्यावर बंधनकारक निर्णय देण्याचा न्यायालयाचा कायदेशीर अधिकार म्हणजे अधिकारिता. संघराज्यात केंद्र आणि घटक राज्ये दोघेही कायदे करतात. साहजिकच कोणत्या कायद्याखालील वाद कोणापुढे चालावा, हे तेथे आधीच ठरवून ठेवावे लागते. अमेरिकेत १७८९ पासून राज्यांच्या न्यायालयांशेजारी संघीय न्यायालयांची स्वतंत्र साखळी उभी आहे. जर्मनीत खालची न्यायालये राज्यांची आणि शिखरावरची संघाची, अशी रचना आहे. भारताने कायदे करण्याचे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ, राज्य आणि समवर्ती अशा तीन सूच्यांत वाटले. न्यायालये मात्र वाटली नाहीत. केंद्राच्या कायद्यांसाठी जादा न्यायालये स्थापण्याचा संसदेचा अधिकार अनुच्छेद २४७ ने राखून ठेवला आहे, पण एरवी दोन्ही प्रकारचे कायदे एकाच साखळीतील न्यायालये राबवतात.

कोल्हापूर जिल्ह्यातील तालुका न्यायालयात हे स्पष्ट दिसते. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात, त्यामुळे केंद्राच्या १८८१ च्या कायद्याखालील धनादेश न वटल्याचा खटला आणि राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याखालील घर खाली करून मागण्याचा दावा एकाच न्यायाधीशांपुढे येऊ शकतो. म्हणून येथे पक्षकाराला पहिला प्रश्न पडतो तो मिळकत किंवा वादकारण (ज्या घटनेमुळे दावा उद्भवला ती) कोठले, दाव्याचे मूल्य किती आणि विषय कोणता, हा. स्थावर मिळकतीचा दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ प्रमाणे मिळकत असेल तेथेच दाखल होतो. कागलच्या जमिनीचा वाद कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयाकडे जातो, तर शेजारच्या निपाणीतील जमिनीचा वाद कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे. मालाच्या थकबाकीच्या दाव्यात मात्र कलम २० मुळे प्रतिवादी राहतो ते ठिकाण किंवा वादकारण अंशतः जेथे घडले ते ठिकाण, असा पर्याय वादीला मिळतो.

विषयानुसार विभागणीत संघराज्याची खरी छाप सहकारावर पडलेली आहे आणि साखर कारखाने, पतसंस्था व दूध संघांच्या या जिल्ह्यात ती बारकाईने पाहण्याजोगी आहे. सहकारी संस्था हा राज्य सूचीतील विषय आहे. एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या संस्था संघ सूचीत येतात. परिणामी केवळ महाराष्ट्रात काम करणाऱ्या संस्थेचा तिच्या सभासदाशी कामकाजाबाबत वाद झाला, तर १९६० च्या राज्य अधिनियमाच्या कलम ९१ खाली तो सहकार न्यायालयात जातो. तीच संस्था सीमेपलीकडच्या गावांतील सभासद घेऊन बहुराज्य झाली, की २००२ चा केंद्रीय अधिनियम लागू होतो आणि तसाच वाद कलम ८४ खाली लवादापुढे जातो. नोंदणीतील या बदलाने सभासदाचा दाद मागण्याचा मार्गच बदलतो, ही बाब सभासदांना वेळीच समजावून सांगणे अत्यंत गरजेचे आहे. घटनेतील ही सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये अधोरेखित केली: ९७ व्या घटनादुरुस्तीतील सहकारविषयक भाग निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांच्या अनुसमर्थनाअभावी राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द ठरला आणि बहुराज्य संस्थांपुरता टिकला.

या सर्व मार्गांवर उच्च न्यायालयाची अनुच्छेद २२६ व २२७ खालील देखरेख कायम असते. दिल्लीतील केंद्रीय कार्यालयाच्या आदेशाविरुद्ध तेथील उच्च न्यायालयाकडेच जावे लागे, ती अडचण १९६३ च्या १५ व्या घटनादुरुस्तीने दूर केली. वादकारण अंशतः आपल्या क्षेत्रात घडले असले तरी उच्च न्यायालय आता प्राधिलेख (रिट, म्हणजे शासनाला किंवा अधिकाऱ्याला बंधनकारक आदेश) काढू शकते. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१(३) खाली स्थापन होऊन १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी काम करू लागले. त्यामुळे नवे न्यायालय निर्माण झालेले नाही. त्याच उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती येथे बसतात. तरीही मुंबईच्या फेऱ्या आणि तेथे राहण्याचा खर्च न परवडणाऱ्या पक्षकारासाठी ही सोय न्याय आवाक्यात येण्याइतकी मोठी आहे, आणि वकील व नागरिकांनी त्यासाठी कित्येक दशके केलेली मागणी रास्तच होती.

राज्याराज्यांतील वाद मात्र या साखळीबाहेर राहतात. अनुच्छेद १३१ नुसार त्यांची मूळ अधिकारिता केवळ सर्वोच्च न्यायालयाला आहे. बेळगाव, निपाणीसह सीमाभागाबाबत महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा याच अनुच्छेदाखालचा आहे. पाण्याला अनुच्छेद २६२ ने आणखी वेगळे काढले. पंचगंगा नृसिंहवाडीला ज्या कृष्णेला मिळते तिच्या पाण्याचे वाटप १९५६ च्या आंतरराज्य नदी जलविवाद अधिनियमाखालील लवादाने केले, आणि अशा वाटपाच्या वादात सर्वोच्च न्यायालयासह सर्व न्यायालयांची अधिकारिता त्या अधिनियमाच्या कलम ११ ने वगळली आहे. तरीही अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिकेने (सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाची परवानगी मागणाऱ्या अर्जाने) लवादाच्या निवाड्याला आव्हान देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कावेरी प्रकरणात स्पष्ट केले.