नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं की स्क्रीन काळी का होते?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून "लिनक्स टाकू का" विचारणारे फोन वाढलेत. जुन्या लॅपटॉपवाल्यांची मला काळजी नसते, सात-आठ वर्षांच्या डबड्यावर लिनक्स मुकाट बसतं. रडतात ते नवेकोरे लॅपटॉपवाले. माझ्या भाच्याने कॉलेजसाठी नवा घेतला, दोन ग्राफिक्स चिपवाला, पेनड्राइव्ह लावला, कंपनीचा लोगो दिसला, उबुंटूचा (लिनक्सचाच एक प्रकार) मेनू दिसला, एंटर मारला आणि काळोख. रात्री साडेअकराला फोन, "मामा, लॅपटॉप मेला." म्हटलं कॅप्स लॉक दाब, दिवा लागतो का? "लागतो." मग मेलेला नाहीये, नुसतं तोंड दाखवत नाहीये.

"लिनक्सने ग्राफिक्स कार्ड जाळलं" असं यावर बरेच जण ठामपणे सांगतात. तसं काही नसतं. पण प्रश्न मात्र खरा आहे, दोन सेकंदांपूर्वी मेनू छान दिसत होता तर आता काय झालं?

मेनू दिसला तेव्हा लिनक्स सुरूच झालेलं नव्हतं. तो मेनू दिसतो यूईएफआयच्या जिवावर, म्हणजे मदरबोर्डवरच असलेल्या, मशीन चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या. यूईएफआय स्क्रीन एकदा पेटवून देतं आणि मेमरीतला एक तुकडा दाखवून सांगतं, इथे जे लिहाल ते स्क्रीनवर उमटेल. हा तुकडा म्हणजे फ्रेमबफर. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० ठिपके, प्रत्येकाला ४ बाइट, झाले ८२,९४,४०० बाइट, आणि सेकंदाला ६० वेळा हे सगळं वाचून पॅनेलकडे धाडायचं म्हणजे सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइट! हे काम ग्राफिक्सचं हार्डवेअर आपलं आपण करत राहतं, प्रोसेसरला त्याची गंधवार्ताही नसते.

पण किती ठिपके, किती वेळा, दोन ओळींच्या मध्ये किती थांबायचं, हे आधी कोणीतरी ठरवून द्यावं लागतं. त्याला मोडसेटिंग म्हणतात. आता थांबायचं कशाला? तर जुन्या काचेच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत ओळ संपली की परत डावीकडे न्यायला वेळ लागायचा, तो टीव्ही गेला पण ती मोकळी जागा सिग्नलमध्ये राहिली, म्हणून नेहमीच्या एचडी सिग्नलमध्ये खरं तर २२०० गुणिले ११२५ ठिपक्यांचा वेळ धरलेला असतो, त्याला ६० ने गुणलं की १४८.५ मेगाहर्ट्झ येतात. असो, मला हे फार आवडतं म्हणून वाहवत गेलो.

तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उठतो आणि पहिली हजेरी घेतो. प्रत्येक चिप दोन नंबर सांगते, एक कंपनीचा, एक मॉडेलचा. इंटेलचा नंबर ८०८६, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचंच नाव. एनव्हिडियाचा १०डीई. एएमडीच्या ग्राफिक्सचा १००२, तो मुळात एटीआयचा, २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली तरी नंबर तोच चालू आहे. चिप चालवणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, त्याच्या पोटात अशा नंबरांची यादी असते. तुमची चिप यादीत नसली तर तिला कोणी हात लावत नाही, यूईएफआयचा फ्रेमबफर तसाच चालू राहतो, सगळं संथ पण दिसतं तरी. म्हणजे पूर्ण अनोळखी चिप परवडली, घोळ होतो तो अर्धवट ओळखीने. नंबर यादीत असला की ड्रायव्हर आधी जुन्या फ्रेमबफरला बाहेर काढतो, मग स्वतः मोडसेटिंग करायला जातो, आणि तेव्हा कळतं की या चिपला लागणारी फर्मवेअरची (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल पेनड्राइव्हवर नाहीच, किंवा हे पॅनेल त्याला नीट जागं करता येत नाहीये. एसटीचा ड्रायव्हर डेपोला बदलतो ना, तसं समजा, फक्त जुना उतरून घरी गेला आणि नव्याला सीटवर बसल्यावर कळलं की आपल्याला ही गाडी येतच नाही. (एएमडीच्या ड्रायव्हरमध्ये हे पुढे सुधारलं, आता तो फाइल आहे का ते बघतो, मगच जुन्याला उठवतो.)

म्हणून तो प्रसिद्ध 'नोमोडसेट' (nomodeset). मेनूवर 'ई' दाबायचं, 'linux'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहायचा, एफ१० दाबायचं. अर्थ एवढाच की बाबा ड्रायव्हरा, मोडसेटिंगच्या भानगडीत पडू नकोस, यूईएफआयने लावून दिलंय तेच राहू दे. उबुंटूच्या मेनूत 'सेफ ग्राफिक्स' म्हणून पर्याय असतो तो हेच करतो. भाच्याचं चित्र यानेच आलं.

पण लोक याला तोडगा समजतात. नोमोडसेट टाक, नाही चाललं तर एसीपीआय=ऑफ टाक, तेही नाही तर आणखी काहीतरी, लिंबू उतरवून टाकल्यासारखं. एसीपीआय म्हणजे लिनक्स आणि मदरबोर्ड यांच्यातली वीज-बॅटरीची बोलणी, ती बंद केली की बॅटरी किती उरली तेही कळत नाही, पण सांगणाऱ्याच्या मित्राचं चाललं होतं ना! आणि नोमोडसेट कायमचा ठेवला तर चिप बिनकामाची बसून राहते, सगळं चित्र प्रोसेसर काढतो, पंखा ओरडतो, ब्राइटनेसची बटणं चालत नाहीत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'जीएलएक्सइन्फो' (glxinfo) चालवून रेंडररपुढे 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) दिसलं तर समजा हेच चाललंय.

खरा उपाय म्हणजे इन्स्टॉल झाल्यावर नेट जोडून सगळं अपडेट करायचं, नवा कर्नल आणि 'लिनक्स-फर्मवेअर' पॅकेज आलं की नोमोडसेट काढून टाकायचा. पेनड्राइव्हवरचा कर्नल तुमच्या चिपच्या आधी जन्मलेला असू शकतो, दुखणं बहुतेकदा तेवढंच. मग 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) चालवून चिपखाली ड्रायव्हरचं नाव आलं का बघा.

एनव्हिडियाची चिप असेल तर अजून एक पायरी. कर्नलसोबत येणारा 'नुव्हो' ड्रायव्हर लोकांनी हार्डवेअर बाहेरून चाचपून लिहिलाय, मे २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच्या कर्नल ड्रायव्हरचा कोड खुला केला, तोही ट्युरिंग नावाच्या पिढीच्या आणि पुढच्या चिपांसाठीच. कंपनीचा ड्रायव्हर बऱ्याचदा तुमच्याच मशीनवर तयार होतो, आणि सिक्युअर बूट (फक्त सही असलेलाच कोड चालू देणारं यूईएफआयचं सेटिंग) चालू असेल तर सहीशिवाय कर्नल त्याला आत घेत नाही. म्हणून इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला लावतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर निघून जाते. निळी स्क्रीन बघून विंडोजवाल्याचे हात आधीच थरथरतात, तो बघत बसतो, ती सही ओळखणारी किल्ली (एमओके) नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर लोडच होत नाही. तिथे कोणतंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, तोच पासवर्ड द्या. भाच्याने दोनदा घालवली ती स्क्रीन, तिसऱ्यांदा मी फोनवर आकडे मोजत बसलो होतो.